मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?

प्रश्न : आम्ही बार्शीत राहतो. माझे मिस्टर ५१ वर्षांचे, मार्केट यार्डात एका आडतीवर हिशेब लिहितात. दिवाळीनंतर डोकं जड होतंय म्हणून दाखवलं तर बीपी १५८/९६ निघालं. दोन आठवड्यांनी परत जवळपास तेवढंच. डॉक्टरांनी टेल्मिसार्टनची गोळी सुरू केली आणि 'मीठ कमी करा' म्हणाले. तेव्हापासून मी ह्यांच्यासाठी वेगळं अळणी शिजवते. दोन घास खातात, मग वरून मीठ कालवतात, नाहीतर यार्डात भजी खाऊन येतात. घरात रोज कटकट. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांना शुगर आहे आणि गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या चालू असतात. त्या म्हणतात, 'सैंधव वापर, ते चालतं. आमच्या वेळी कोण मोजत होतं मीठ?' तसं आमच्याकडे मीठ फार लागतही नाही, चौघांत महिन्याला किलोचा दीड पुडा. मुलगा सतरा वर्षांचा, क्लासवरून आला की नूडल्स करून खातो. ह्यांचा घसा धरतो म्हणून सासूबाई रोज ज्येष्ठमध चघळायला देतात. शनिवारी कधीतरी हे मित्रांबरोबर बसतात. सैंधव चालेल का? काय काय बंद करू? लसूण आणि बीटच्या रसाने फरक पडतो का? आणि गोळी कधी सुटेल?
– एक वाचक, बार्शी

उत्तर :

ताई, नमस्कार.

मीठ फार लागत नाही असं म्हणून तुम्ही पुढे महिन्याला दीड पुडा लिहिलंत. आपण तिथूनच सुरू करू, कारण मीठ किती खाल्लं जातं हे जिभेला विचारून कळत नाही, पुड्याला विचारून कळतं.

दीड किलो म्हणजे १५०० ग्रॅम. तीस दिवसांत चार माणसं. माणशी रोजचं साडेबारा ग्रॅम होतं. आता त्यातलं थोडं भाज्या धुवायला, थोडं पाहुण्यांना, थोडं खरकट्यात गेलं असं धरून सरळ पाव हिस्सा वजा करू. तरीही माणशी नऊ ग्रॅमच्या वर उरतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, पाव, यार्डातली भजी सगळं आलं. तुमचा पुडा यातलं बाहेरचं काहीच मोजत नाही.

तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून हे सांगत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांचा हिशेब असाच निघतो. पण तुमच्या मिस्टरांचं अळणी जेवण का फसलं, ते या आकड्यांतून दिसतं. घरात चौघेही दुपटीच्या आसपास मीठ खाताहेत आणि त्यातल्या एकालाच एका रात्रीत शून्यावर आणलंय. बाकीच्यांच्या ताटात झणझणीत येसर आमटी आणि त्यांच्या ताटात पांचट वरण. दिवसभर आकडेमोड करून आलेला माणूस ते मुकाट्याने खाईल, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

तेव्हा पहिलं काम : वेगळा स्वयंपाक आजपासून बंद. एकच आमटी, एकच भाजी, सगळ्यांना तीच. फक्त त्या एका पातेल्यातलं मीठ हळूहळू उतरवायचं. सध्या हाताने अंदाजाने घालत असाल, तर आधी चार दिवस नेहमीचंच मीठ चमच्याने मोजून घाला आणि किती जातं ते बघा. मग त्यातला पाव हिस्सा कमी करा. दोन-तीन आठवडे तिथेच थांबा, मग आणखी थोडं. जीभ जुळवून घेते, पण तिला काही आठवडे लागतात. एकदा सवय झाली की जुन्या मापाचं जेवण खारट लागायला लागतं. सांगून कमी केलंत तर पहिल्याच दिवशी 'आमटीला चव नाही' हे ऐकावं लागेल. न सांगता करा. इतकी लबाडी संसारात चालते.

पुड्यावर आणल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा. चौघांना रोज वीस ग्रॅम, म्हणजे एक किलो पन्नास दिवस पुरायला हवा. बाहेरचं खाणं धरलं तर त्याहूनही जास्त दिवस. आज तो तुमच्याकडे वीस दिवसांत संपतोय. पहिल्या फेरीत तीस दिवस गेला तरी मी खूश आहे.

आता हे मीठ रक्तदाब का वाढवतं, ते थोडक्यात. मिठात साधारण ४० टक्के सोडियम असतं. सोडियम जिथे जातं तिथे पाणी धरून ठेवतं. मूत्रपिंडं जादाचं सोडियम बाहेर टाकतात, पण रोज दुपटीने येत राहिलं, वय वाढलं, की ते त्यांना पूर्ण जमत नाही. रक्तवाहिन्यांत पाणी जास्त राहतं, वाहिन्यांच्या भिंतीही ताठर होत जातात आणि हृदयाला तेच रक्त जास्त जोराने ढकलावं लागतं. सगळ्यांवर सारखा परिणाम होत नाही. काहींचं बीपी मिठाने झपाट्याने वर जातं, काहींचं फारसं हलत नाही. पन्नाशीपुढच्या, शुगर असलेल्या आणि आधीच बीपी असलेल्या माणसांवर जास्त होतो. म्हणजे तुमच्या घरातल्या दोघांवर.

सासूबाईंचं 'आमच्या वेळी कोण मोजत होतं' हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांच्या वेळी भाकरी होती आणि ज्वारीच्या भाकरीत आपण मीठ घालतच नाही. अंगमेहनत होती. पाव, बिस्किटं, शेव, पाकिटातले मसाले रोजच्या रोज घरात नव्हते. बीपीही कोणी मोजत नव्हतं, त्यामुळे कोणाला होतं हे कळायचं ते थेट लकवा मारल्यावर. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

आता सैंधव. सैंधव हे जवळजवळ पूर्णच सोडियम क्लोराइड आहे, म्हणजे साधं मीठच. गुलाबी रंग देणारी खनिजं त्यात इतकी किंचित असतात की रक्तदाबाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग शून्य. शिवाय साध्या पुड्यातल्या मिठात मुद्दाम आयोडीन घातलेलं असतं, सैंधवात ते बहुधा नसतं. पादेलोणाचंही तेच. उपवासाला सासूबाईंना सैंधव हवं असेल तर खुशाल असू द्या, तो श्रद्धेचा भाग आहे. पण 'हे चालतं' म्हणून चमचाभर जास्त पडत असेल तर नुकसान दुप्पट.

बाजारात 'लो सोडियम' लिहिलेलं मीठ मिळतं. त्याचा प्रकार निराळा आहे, कारण त्यात सोडियम क्लोराइडचा काही हिस्सा काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. याचा चीनमध्ये मोठा प्रयोग झाला. ६०० खेड्यांतली सुमारे २१ हजार माणसं, बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला किंवा वय साठीच्या पुढे आणि बीपी जास्त. अर्ध्या खेड्यांना तीन हिस्से साधं मीठ आणि एक हिस्सा पोटॅशियमचं असं मिश्रण दिलं आणि जवळपास पाच वर्षं पाहिलं. २०२१ साली निकाल आला तेव्हा त्या खेड्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी निघाले. नुसतं मीठ बदलून इतका फरक पडला.

तरी तुम्ही ते लगेच आणू नका. तुमचे मिस्टर टेल्मिसार्टन घेतात, त्या गटातल्या गोळ्यांनी शरीरात पोटॅशियम थोडं साठतं. सासूबाईंना शुगर आहे, वय ७४ आहे, म्हणजे त्यांची मूत्रपिंडं किती काम करतात हे तपासल्याशिवाय त्यांना पोटॅशियमचं मीठ देणं धोक्याचं. मूत्रपिंडं कमजोर असताना पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. दोघांची क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्या, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि 'लो सोडियम मीठ वापरू का' असं थेट विचारा. हो म्हणाले तर चांगलंच. नाही म्हणाले तर साधं मीठ, फक्त कमी.

काय काय बंद करू, असं तुम्ही विचारलंत. लांबलचक यादी मी देणार नाही, कारण अशी यादी फ्रिजवर चिकटते आणि तिथेच राहते. तुमच्या घरात मीठ कुठून येतं ते बघू.

लोणचं. किलोभर कैरीच्या फोडींना आपण पाव किलोच्या आसपास मीठ घालतो. तेल-मसाला धरून लोणचं भरतं पावणेदोन-दोन किलो. म्हणजे लोणच्याचा साधारण आठवा हिस्सा नुसतं मीठ. खारासकट दोन फोडी ताटात घेतल्या की पंधराएक ग्रॅम लोणचं झालं आणि जवळपास दोन ग्रॅम मीठ पोटात गेलं. दिवसाच्या कोट्याचा चाळीस टक्के वाटा, तोही डाव्या बाजूला वाढलेल्या दोन फोडींत! उडदाच्या एका पापडात अर्धा ते पाऊण ग्रॅम. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो, त्यातही सोडियमच. सांडगी मिरची, खारे शेंगदाणे, शेव यांचा हिशेब वेगळा मांडत नाही. बरणी फोडायची गरज नाही. लोणचं रोज ताटात वाढायचं की मागितलं तर द्यायचं, एवढाच बदल करा. रोजच्या जागी लिंबाची फोड ठेवा.

ताटाच्या वरच्या बाजूला मीठ वाढायची आपली जुनी रीत आहे. नैवेद्याच्या, सणाच्या ताटात असू द्या. रोजच्या पंगतीतून मिठाची वाटी उचलून ओट्यावर ठेवा. ज्याला हवं त्याने उठून जावं. उठायचा कंटाळा हे फार प्रभावी औषध आहे, गोळीचे दुष्परिणाम तरी असतात.

कणकेत मीठ घालत असाल तर ते उद्यापासून थांबवा, भाजीबरोबर खाताना कोणाच्या लक्षातही येत नाही. भातातही नको. ताकात मीठ न घालता जिरेपूड, आलं, कोथिंबीर घाला. कोशिंबिरीला मीठ लावून ठेवू नका, पाणी सुटतं आणि मग परत घालावं लागतं. वाढताना चिमूटभर पुरे. आमटी-उसळीत मीठ शेवटी घातलं तर तेवढ्याच चवीला कमी लागतं. चिंच, आमसूल, लिंबू यांच्या आंबटपणाने मिठाची उणीव झाकली जाते. लसूण, भाजलेले तीळ, कारळ, जवस यांचंही तेच. तुमच्याकडचं काळं तिखट आणि येसर या कामी फार उपयोगाची. मात्र विकतचा कांदा-लसूण मसाला किंवा कुठलाही तयार मसाला असेल तर पाकीट उलटं करून बघा. त्यात बहुधा आधीच मीठ असतं आणि आपण वरून आमटीला नेहमीएवढं घालतो. शेंगाचटणीचा मी बचाव करते. शेंगदाणा चांगला, लसूण चांगला, घरी कुटताना मीठ निम्मं करा आणि बिनधास्त खा.

यार्डातल्या भज्यांत मिठाखेरीज खाण्याचा सोडा असतो. सोड्यात सुमारे २७ टक्के सोडियम. खमण, ढोकळा, नानकटाई यांतही तो असतोच, गोड पदार्थात सोडियम नसेल हा समज चुकीचा आहे. आणि भजी खाऊन जळजळ झाली म्हणून पाण्यात फसफसणारी पूड घेतली, तर तीही मुख्यतः सोडाच. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांचंही तसंच. हे कोणी मिठात मोजत नाही. भजी पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी ते ऐकणार नाहीत. रोजची असतील तर आठवड्यातून एकदा करायला सांगा आणि रोज डब्यात काहीतरी चटकदार द्या : मटकीची उसळ कांदा-लिंबू घालून, किंवा भाजलेले फुटाणे बिनमिठाचे, डाळिंबाचे दाणे. सोलापूर जिल्ह्यात राहून डाळिंब महाग पडतं अशी तक्रार निदान करू नका.

मुलाच्या नूडल्सच्या एका पाकिटात साधारण दोन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, बरंचसं मसाल्याच्या पुडीत. पुडी अर्धीच घालायची, अर्धी फेकायची आणि त्यात भाज्या टाकायच्या, इतकी तडजोड सतरा वर्षांच्या मुलाशी होऊ शकते. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २००० मिलिग्रॅम, दोन ग्रॅम मीठ. हा हिशेब त्यालाच करायला लावा, वडील हिशेबनीस आहेत, अंगात असेल.

इथवर सगळं कमी करण्याचं झालं, आणि बीपीचा सल्ला बहुतेक ठिकाणी इथेच संपतो. मला ते खटकतं. काय वाढवायचं, हा अर्धा भाग कोणी सांगतच नाही. अमेरिकेत १९९७ साली एका आहाराचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्याला 'डॅश' म्हणतात. त्यात ४५९ माणसांपैकी काहींना आठ आठवडे फळं, भाज्या, कमी स्निग्धांशाचं दूध-दही, डाळी, दाणे असं भरपूर दिलं. गंमत अशी की मीठ कमी केलंच नव्हतं, सगळ्या गटांत सारखंच ठेवलं होतं. वजनही उतरू दिलं नाही. तरीसुद्धा ज्यांना आधी बीपी होतं त्यांचा वरचा आकडा इतरांच्या तुलनेत सरासरी ११ अंकांनी खाली आला, तोही पहिल्या दोन आठवड्यांतच बराचसा. २००१ साली त्याच आहाराला मिठाची कपात जोडून पाहिली, तेव्हा आणखी उतरला. दोन्ही एकत्र केल्यावर सगळ्यात जास्त फायदा.

या कामात पोटॅशियमचा मोठा वाटा मानतात, सोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि चोथा. पोटॅशियम मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकायला मदत करतं आणि रक्तवाहिन्या सैल ठेवतं. यासाठी ऑलिव्ह ऑइल, अ‍ॅव्होकॅडो, ब्रोकोली यांपैकी काही बार्शीच्या बाजारात शोधायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, मटकी, हुलग्याचं माडगं, चाकवत, शेपू, मेथी, पालक, दोडका, गवार, केळं, पेरू, ताक. तुमचं जुनं जेवण आणि तो अमेरिकन आहार यांत फारसं अंतर नाही. अंतर पडलंय ते भाजीच्या मापात. आपल्याकडे भाजी तोंडी लावायला असते, भाकरी किंवा भात पोटभर. हे उलटं व्हायला हवं. आज ताटात दोन चमचे भाजी पडत असेल तर वाटीभर पडू द्या, दोन्ही जेवणांत, वर एक कच्चं काहीतरी. फळ दिवसातून दोनदा. आठवड्यातून दोन-तीनदा भाकरीबरोबर भाजीऐवजी नुसती बटाट्याची काचरी होत असेल तर ती भाजी धरू नका. आणि उपवासाचा साबुदाणा बीपीवाल्याला काहीच देत नाही, वरचे वेफर्स मात्र मीठ देतात. उपवासाला रताळं, भगर, ताक, केळं, राजगिरा उत्तम.

पोटॅशियमची जी धास्ती मिठाच्या बाबतीत सांगितली ती इथे तुमच्या मिस्टरांना बहुधा लागू नाही. मूत्रपिंडं ठीक असतील तर जेवणातल्या भाजी-फळांचं पोटॅशियम शरीर सहज सांभाळतं. सासूबाईंचा रिपोर्ट बिघडलेला आला तर त्यांच्यासाठी नारळपाणी, केळी, पालेभाज्या यांचं माप डॉक्टरांकडून घ्यावं लागेल, शुगरमुळे फळांचंही.

लसूण आणि बीट. बीटमधल्या नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या थोड्या सैलावतात, त्यामुळे काही अंक खाली येतात असं प्रयोगांत दिसलं आहे. लसणाचाही किंचित परिणाम दिसतो. दोन्ही जेवणात भरपूर असू द्या. पण रस काढून, उपाशी पोटी, औषध म्हणून आणि गोळीच्या जागी, यांतलं काहीही नको. कोशिंबिरीतलं बीट चोथ्यासकट पोटात जातं, तेच बरं.

आता तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाहीत, पण मला पत्रात सगळ्यात जास्त टोचलं ते : ज्येष्ठमध. रोज चघळलेल्या ज्येष्ठमधाने बीपी वाढतं. हे ऐकीव नाही, औषधशास्त्रात नीट माहीत असलेली गोष्ट आहे. त्यातल्या ग्लिसिरायझिन या घटकामुळे मूत्रपिंडं सोडियम आणि पाणी धरून ठेवतात आणि पोटॅशियम बाहेर टाकतात, म्हणजे आपण जे करू पाहतोय त्याच्या बरोबर उलट. एखाद्या दिवशी घसा बसला म्हणून तुकडा चघळणं वेगळं, रोजचं वेगळं. आजच थांबवा आणि डॉक्टरांना सांगा की इतके दिवस रोज चालू होतं. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्याकडे गरम पाण्याच्या हळद-गुळण्यांची जबाबदारी द्या. घसा सतत धरतोच आहे तर तोही दाखवा. विशेषतः तंबाखू किंवा माव्याची सवय असेल तर नक्कीच. पत्रात तुम्ही तसं लिहिलं नाहीत, यार्डातल्या माणसाबद्दल मी आपली विचारते.

तशीच सासूबाईंची दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या सलग घेतल्या तर बीपी चढतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. शुगर असलेल्या ७४ वर्षांच्या बाईंनी त्या मेडिकलमधून आपल्या आपण आणून घेऊ नयेत. नाव लिहून घेऊन डॉक्टरांना दाखवा, गुडघ्यांसाठी दुसरे उपाय आहेत.

शनिवारची बैठक. दारूने बीपी वाढतं आणि सोबतच्या चकण्याने आणखी. खारे शेंगदाणे, शेव, तळलेली डाळ हा एका बैठकीत दिवसाचा कोटा सहज संपवतो. 'कधीतरी' म्हणजे महिन्यातून किती, हे त्यांनाच एकदा कॅलेंडरवर खूण करून बघू द्या. तुम्ही मोजू नका, भांडण होईल.

उन्हाळा येतोय, तेव्हा 'मीठ कमी केलं तर घामाने चक्कर येईल' हेही ऐकाल. भर उन्हात रानात राबणाऱ्याला घामातून मीठ जास्त जातं, ते खरं. पंख्याखाली वही घेऊन बसणाऱ्या माणसाला पाच ग्रॅम पुरतात. बिनमिठाचं ताक आणि पाणी भरपूर प्यावं. मात्र पुढे कधी लघवी वाढवणारी, ज्याला आपण पाण्याची गोळी म्हणतो ती सुरू झाली आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तर मीठ-लिंबाचं पाणी पाजत बसू नका. बीपी मोजा आणि डॉक्टरांना फोन करा.

मोजण्याचं. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. लघवीला जाऊन यावं, चहा-तंबाखू अर्धा तास आधी नको. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. मग मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. गाडीवरून उतरून धापा टाकत मेडिकलमध्ये मोजलेलं बीपी धरू नका. घरी १३५/८५ च्या खाली राहिलं तर ठीक चाललंय असं साधारण मानतात, नेमकं लक्ष्य डॉक्टर सांगतील. १८०/१२० च्या वर गेलं आणि छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, दिसायला कमी येणं यांतलं काहीही झालं, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

आणि ताई, पत्रात मिस्टरांचा आकडा आहे, सासूबाईंची शुगर आहे, मुलाच्या नूडल्स आहेत. तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं? तुम्हीही तेच नऊ ग्रॅम खाताय आणि बहुधा सगळ्यांची उरलेली लोणच्याची फोडही तुम्हीच संपवता. मशीन आलं की चौघांचं मोजा.

राहिला गोळीचा प्रश्न. ती तुम्ही किंवा त्यांनी ठरवून सोडायची नाही, आकडा १२० वर आला तरी नाही, कारण तो गोळी चालू असतानाचा आकडा असतो. जेवण बदललं, पोट थोडं कमी झालं तर (साधारण एक किलो वजन उतरलं की वरचा आकडा एका अंकाच्या आसपास खाली येतो), तर तीन-चार महिन्यांनी वहीतले आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. काहींची गोळी कमी होते, थोड्यांची थांबतेसुद्धा, बऱ्याच जणांची चालूच राहते. वही नेताना पुड्यांच्या तारखाही त्यात लिहून न्या, म्हणजे मीठ खरंच किती कमी झालं हे डॉक्टरांना विचारावं लागणार नाही.